अनेक आराखड्यांतून एक निवडताना

(मंडळाच्या विद्यार्थी शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वक्त्यांच्या यादीत माझे नाव आणि त्यापुढचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. मी बँकेत कारकून आहे. शिक्षण कला शाखेचे. हातात पाना धरला असेल तो फक्त घरचा नळ गळू लागला तेव्हा, आणि तेव्हाही शेवटी प्लंबरलाच बोलवावे लागले. वस्तू कशी घडवावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी बोलणार आहे ते त्याच्या अलीकडच्या पायरीविषयी. चार आराखडे समोर आहेत, पैसे एकाचेच आहेत, तर कोणता घ्यायचा आणि कसे ठरवायचे?

हा प्रश्न पुस्तकातून आलेला नाही. गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत जो वाद झाला तो आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी चाळीस अभ्यासाची डेस्क करून द्यायची, असे ठरले. आपल्याच पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्याचे चार आराखडे काढले. पहिला, घडीच्या पायांचे प्लायवूडचे बैठे मेज. दुसरा, भिंतीला बिजागरीने अडकवायची फळी, काम झाले की वर उचलून लावायची. तिसरा, जुन्या पेढीवर मुनीमजींसमोर असायची तशी उतरत्या झाकणाची पेटी, म्हणजे वर लिहायचे आणि आत वह्या ठेवायच्या. चौथा, मांडीवर घ्यायचा साधा पाट.

वाद दोन तास चालला. एका ज्येष्ठांनी आपला चाळीस वर्षांचा अनुभव पुढे केला. एकाने स्वस्त तेच घ्या म्हणून सांगितले. आराखडे काढणारी मुले आपापल्या चित्राला चिकटून बसली. शेवटी हात वर करून निकाल लावू, अशी सूचना आली आणि बहुतेकांना ती पटली. मी एकट्याने विरोध केला. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मग हात वर न करता कसे ठरवायचे ते तुम्हीच शिबिरात सांगा." तर अशी ही शिक्षा आहे.

मतदानाला माझा विरोध नाही. पदाधिकारी निवडताना ते हवेच. पण हात वर होतो तेव्हा आपल्याला एवढेच कळते की अमक्याला अमके आवडले. का आवडले, कोणत्या बाबतीत आवडले आणि कोणत्या बाबतीत ते कमी पडते, हे त्या हातावर लिहिलेले नसते. ज्याचे चित्र सुबक किंवा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे हात झुकतात. वस्तू मात्र चित्राप्रमाणे वागत नाही.

याची खूण पटावी म्हणून मी आपल्याला एका यंत्राची हकीकत सांगतो. ते आपण सर्वांनी पाहिले आहे. माझ्या वयाच्या आणि गावाकडून आलेल्या प्रत्येकाने ते हापसलेही असेल. ते यंत्र म्हणजे हापसा.

१९७२ चा दुष्काळ ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. त्याच्या आगेमागे महाराष्ट्रात आणि देशाच्या इतर कोरड्या भागांत कातळात बोअर घेण्याचे काम जोरात सुरू झाले. युनिसेफने त्यासाठी खडक फोडणारी यंत्रे दिली. बोअर झाले, पाणी लागले, वर हापसा बसला. आणि थोड्याच दिवसांत ठिकठिकाणचे हापसे बंद पडू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाहणीत असे दिसू लागले की अनेक भागांत चालू हापशांपेक्षा बंद हापशांची संख्या जास्त आहे. खाली पाणी, वर यंत्र आणि भोवती रिकाम्या घागरी.

कारण काय होते? ते हापसे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते आणि मूळ युरोप-अमेरिकेतील घरगुती पंपांच्या नमुन्यावर बेतलेले होते. तिकडे एक कुटुंब दिवसातून थोडा वेळ पंप वापरी. इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळे गाव एकाच दांड्यावर. सांध्यांतील खिळी झिजत, भोके मोठी होत, दांडा खडखडू लागे आणि एक दिवस बीड तडकून जाई. तो पंप वाईट होता असे मी म्हणणार नाही. तो दुसऱ्याच्या गरजेसाठी निवडलेला पंप होता.

अशा वेळी काय काय करता आले असते? जुनाच पंप अधिक जाड बिडाचा करता आला असता. परदेशातून चांगला, महाग पंप मागवता आला असता. आणि तिसरा मार्ग आपल्या मराठी मुलखातच तयार होत होता. जालन्याला मिशनच्या पाणी-कामातून एक पंप निघाला होता, आणि त्याच वाटेवर पुढे सोलापुरात आणखी एक. या पंपांत बिडाऐवजी पोलाद वापरले होते. अनेक सांध्यांच्या जागी दांड्याला एकच आस ठेवला होता. सोलापूर पंपात त्या आसाला बेअरिंग होते, आणि दांड्याच्या टोकाला कमानीवरून जाणारी साखळी, म्हणजे सळी नेहमी सरळ वर ओढली जावी. हे पंप टिकत होते. अडचण एवढीच की ते लहान कारखान्यात एकेक करून बनत. हजारोंनी बनवायचे, एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे, अशी त्यांची रचना नव्हती.

भारत सरकार, युनिसेफ आणि तंत्रज्ञ यांनी हा तिसरा मार्ग धरला. सोलापूर पंपाचा गाभा घेऊन नवा आराखडा केला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या त्या वेळच्या सरकारी कारखान्यात नमुने बनले. कोइम्बतूर भागात, जिथे पाणी फार खोल होते, तिथल्या बोअरवर ते बसवून लोकांच्या हाती दिले आणि काय मोडते ते पाहिले. त्यातून इंडिया मार्क दोन हा हापसा आला. १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले, आयएस ९३०१. पुढे तो लाखोंच्या संख्येने बसला आणि आफ्रिकेतील देशांतही गेला. ज्याच्या पोटी तो जन्मला त्या पंपाला सोलापूरचे नाव आहे, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. असो.

आता मी फळ्याकडे वळतो.

स्टुअर्ट प्यू नावाचे एक ब्रिटिश अभियंते होऊन गेले. आधी त्यांनी उद्योगात काम केले, नंतर ते ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात प्राध्यापक होते. १९९३ साली त्यांचे निधन झाले. आराखड्यांची निवड करण्यासाठी त्यांनी एक तक्ता सांगितला. तो इतका सोपा आहे की माझ्यासारख्या कारकुनाला पाहताक्षणी आपला वाटला. वर ओळीने आराखडे लिहायचे. डावीकडे एकाखाली एक कसोट्या लिहायच्या. मग एक आराखडा, शक्यतो सध्या वापरात असलेली वस्तू, मापदंड म्हणून धरायची. प्रत्येक चौकटीत एवढेच विचारायचे, की या कसोटीवर नवा आराखडा मापदंडाहून सरस आहे, निरस आहे की तेवढाच आहे. सरसला अधिक, निरसला उणे, तेवढ्याला स. गुण द्यायचे नाहीत, टक्केवारी काढायची नाही.

मार्क दोन निवडणाऱ्यांनी हा तक्ता वापरला होता असे नव्हे. आपण मागे वळून तो भरून पाहू. मापदंड जुना बिडाचा पंप. गावभर दिवसभर वापरला तर टिकणे, या कसोटीवर मार्क दोनला ठसठशीत अधिक. ओढायला हलका, अधिक, कारण बेअरिंग आहे आणि लांब दांड्यालाच वजन आहे. सांडलेले पाणी पुन्हा बोअरमध्ये न झिरपणे, अधिक, कारण त्याचे पाय काँक्रीटच्या ओट्यात पक्के बसतात. देशातल्या देशात बनवता येणे, स, कारण दोन्ही बनत होतेच. किंमत, उणे. ज्याने एकच कसोटी लिहिली असती, स्वस्त तेच घ्या, त्याने पुन्हा बिडाचा पंपच घेतला असता. आणि तो बंद पडल्यावर त्याचे पैसे कोणत्या खात्यावर टाकायचे, हे त्या हिशेबात कुठेच आले नसते.

आणखी एक कसोटी घ्या, खाली गेलेला भाग दुरुस्त करणे. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरी पाहिले आहे.

मराठवाड्यातील आमच्या गावात, आमच्या वस्तीच्या कडेला मार्क दोन हापसा होता. मी सातवीत असताना एकदा तो बंद पडला. दांडा हलका लागू लागला, दहा-वीस वेळा हापसले की एक चूळ पाणी, आणि मग तेही नाही. बिघाड होता चामड्याच्या वायसरचा. खाली नळकांड्यात दट्ट्या असतो, त्याला हे वायसर लावलेले असते, ते झिजले होते. वस्तू काही रुपयांची. पण त्या वायसरपर्यंत पोचायचे तर बोअरमधले सगळे पाइप एकेक करून वर काढावे लागत. त्याला चार-पाच माणसे, तिकाटणे आणि मोठे पाने लागत. ते सामान आणि ती माणसे तालुक्याच्या गावी. अर्ज गेला, दुसरा अर्ज गेला. गाडी यायला सव्वादोन महिने लागले. तेवढे दिवस माझी आई आणि बहीण पहाटे उठून दीड किलोमीटरवरच्या विहिरीवर जात. त्या वर्षी बहिणीची शाळेतली हजेरी कमी भरली. गाडी आली त्या दिवशी माणसांनी तीन तासांत काम उरकले. त्यांचा तरी दोष काय, त्यांच्याकडे कित्येक गावे होती.

महाडच्या चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ आपल्याला तोंडपाठ आहे. पाण्याचा हक्क ज्यांना लढून मिळवावा लागला, त्यांच्या वस्तीत पाणी सव्वादोन महिने एका वायसरसाठी अडले. ते कोणी बंदी घालून अडवले नव्हते, आराखड्याने अडवले होते. सगळ्यांत चांगला म्हणून निवडलेल्या, आणि खरोखरच चांगल्या असलेल्या आराखड्याने. तक्त्यात "टिकतो का" ही ओळ होती. "मोडल्यावर गावातल्या गावात, इथल्या बायका-माणसांना दुरुस्त करता येतो का" या ओळीला तेवढे वजन मिळाले नव्हते.

ही माझ्या एकट्याची तक्रार नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने जगभरच्या हातपंपांची पारख केली. प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष गावांत, अनेक देशांत. त्याचा अहवाल १९८७ साली निघाला. त्यात पंपांची तुलना कसोटीवार केली आहे. किती खोलीवरून किती पाणी देतो, किती भरवशाचा आहे, गंज किती सोसतो, त्याच देशात बनवता येतो का, आणि दुरुस्ती गावपातळीवर होते का. ही शेवटची ओळ त्या कामाचा कणा होती.

भारतातही १९८३ पासून कोइम्बतूर भागात नव्याने चाचण्या झाल्या. चामड्याच्या जागी नायट्राइल रबराचे वायसर लावले, ते कितीतरी जास्त टिकले. आणि मार्क तीन हा सुधारलेला हापसा आला. त्यात पाइप रुंद ठेवले, म्हणजे पाइप जागेवरच ठेवून दट्ट्या सळीसह वरून काढता येतो. दोन-तीन माणसे आणि मोजकी हत्यारे पुरतात. पण रुंद पाइप जड आणि महाग. म्हणून अनेक ठिकाणी मार्क दोनच बसत राहिला. म्हणजे एका चौकटीतला उणे पुसला की दुसऱ्या चौकटीत उणे उमटतो. कोणता उणे सोसायचा, हे तक्ता सांगत नाही. ते माणसांनी बसून ठरवायचे असते, आणि ज्यांना तो सोसायचा आहे ती माणसे त्या बैठकीत असली पाहिजेत.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्या. मार्क दोनची साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळ्यांच्या वजनाने. खोल बोअरमध्ये सळ्या लांब, वजन भरपूर, काम चोख. पाणी उथळ असेल तर ते वजनच कमी पडते. बांगलादेशात पाणी वरच लागते, तिथे तारा नावाचा निराळा, हलका पंप पुढे आला. पश्चिम आफ्रिकेत काही भागांत भूजल आम्लधर्मी आहे. तिथे याच मार्क दोनचे जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजले, पाणी लालसर आणि बेचव येऊ लागले, आणि काही ठिकाणी लोक पुन्हा जुन्या पाणवठ्यावर गेले. आपल्याकडे तक्त्यात गंजाची ओळ खालच्या बाजूला असली तरी चालून गेले असते. तिथे ती पहिली हवी होती.

विद्यार्थी मित्रहो, आता तक्ता वापरताना होणाऱ्या चुका सांगतो. तुम्ही त्या करणार, मीही केल्या आहेत.

पहिली चूक बेरजेची. पाच अधिक, दोन उणे, म्हणून हा आराखडा पहिला, असे म्हणून वही मिटायची नाही. दोन उण्यांतला एक उणे जिवावरचा असू शकतो. प्यू यांच्या पद्धतीत तक्ता एकदा भरून संपत नाही. उणे का आला ते पाहायचे, दुसऱ्या आराखड्यातला चांगला भाग उचलून तो भरून निघतो का ते पाहायचे, दुबळे आराखडे गाळायचे, जो बळकट ठरला त्याला मापदंड करायचे आणि तक्ता पुन्हा भरायचा. सोलापूरचा गाभा आणि मोठ्या कारखान्याची घडण यांचे जे झाले ते हेच.

दुसरी चूक वजनांची. पुढच्या टप्प्यावर, दोन-तीनच आराखडे उरले की, कसोट्यांना वजन देऊन गुण काढतात. किमतीला इतके, टिकाऊपणाला इतके, सगळे मिळून शंभर. हे योग्यच आहे. पण वजने आधी ठरवून, सह्या करून, मग गुण भरावेत. मी आयुष्य आकड्यांत काढले आहे. निकाल आधी ठरवून वजने मागाहून बसवली तर कागद इतका स्वच्छ दिसतो की कोणाला शंका येत नाही. अप्रामाणिक मताला दशांश चिन्ह लागले की ते शास्त्र वाटू लागते.

तिसरी चूक सर्वांत मोठी. डावीकडच्या ओळी कोणी लिहायच्या?

आपल्या डेस्कचा तक्ता मी गेल्या रविवारी अभ्यासिकेत फळ्यावर मांडला. मापदंड काय धरायचा, यावर पहिला घोळ झाला. कोणी म्हणे बाजारातले टेबल. मी मुलांना विचारले, आज तुम्ही कशावर लिहिता? बहुतेकांनी सांगितले, पत्र्याच्या पेटीवर. तर तोच मापदंड. मग आम्ही मोठ्या माणसांनी कसोट्या लिहिल्या. किंमत, मजबुती, वजन, उंची, दिसायला चांगले. भिंतीची फळी पुढे होती. जागा खात नाही, स्वस्त आहे, छान दिसते.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, आमचं घर भाड्याचं आहे. मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. मग फळी कुठे लावायची?" फळीला उणे आला, आणि असा की पुढचे सगळे अधिक त्यापुढे फिके. मग इतर मुले बोलू लागली. रात्री सहा माणसे झोपल्यावर मेज कुठे ठेवायचे? धाकटा भाऊ वह्या फाडतो, त्या कुठे लपवायच्या? दिवे गेल्यावर दारात बसून लिहिता येईल का? एक मुलगा म्हणाला, घडीच्या पायात बोट सापडते. अर्ध्या तासात फळ्यावर सात नव्या ओळी आल्या. त्यांतली एकही आमच्या कार्यकारिणीच्या दोन तासांत निघाली नव्हती, आणि त्या बैठकीत मीही होतो.

नव्या ओळींवर मुनीमजींची पेटी वर आली. आत वह्या राहतात, कडी लावता येते, रात्री कोपऱ्यात उभी करता येते. पण ती जड आणि महाग. त्याच वेळी पाटवाल्या गटातील एका विद्यार्थ्याने सुचवले की पेटीची खोली निम्मी केली आणि तळ पातळ प्लायचा केला तर? म्हणजे पाट आणि पेटी यांच्या मधले काहीतरी. हा पाचवा आराखडा आता कागदावर आहे. तो बरा दिसतो. बरा आहे की नाही, ते अजून ठरलेले नाही.

म्हणून कार्यकारिणीने माझी विनंती मान्य केली आहे, की चाळीस एकदम करायची नाहीत. आधी घडीच्या मेजाचे तीन आणि नव्या पेटीचे तीन नमुने करायचे. सहा कुटुंबांनी ते पंधरा दिवस वापरायला होकार दिला आहे. त्यानंतर आपसांत अदलाबदल करून आणखी पंधरा दिवस. काय मोडले, कोणी वापरले, कोणी वापरायचे सोडले आणि का, हे मुलांनी स्वतःच्या हाताने लिहायचे आहे. दहावीच्या परीक्षा जवळ आहेत, म्हणून दहावीच्या मुलांना यातून वगळले आहे. सुताराशी बोलणे झाले आहे. नमुने येत्या शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेत येतील. नोंदवही मी आखून ठेवली आहे, डावीकडच्या रकान्यात अजून आठ ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. ज्यांच्या घरी लहान मुले अभ्यास करतात त्या मातांनी शनिवारी अवश्य यावे.

जयभीम.